नूतनचा हिरवा दिवा

वेल्ह्याच्या पुढच्या एका वाडीत नूतनला सगळे 'दिवेवाली' म्हणत, आणि ते नाव तिला मनापासून आवडे. किकवीजवळच्या कारखान्यात ती सर्किटं तपासायची. वाडीची वाट ओढ्यावरच्या बुटक्या फरशी पुलावरून. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पूल बुडायचा. म्हणून तिने वरच्या डोहात पाण्याची उंची मोजणारं यंत्र बसवलं, तिथून तारा ओढल्या आणि पुलाच्या दोन्ही तोंडांशी दिवे लावले. हिरवा असला तर जा, तांबडा असला तर थांबा.

एकेका तारेवरून एक किंवा शून्य अशी एकेक खूण खाली यायची; सगळ्या खुणा मिळून पाण्याच्या उंचीचा निरोप व्हायचा. निरोपातले 'एक' कायम सम संख्येत राहतील अशी तिची योजना. 'एक' आणणारी एखादी तार तुटली की तिथे शून्य वाचलं जाई आणि ते विषम होत. खाली दिव्याजवळ बसवलेली चिप हे हेरून तांबडा दिवा लावी. अशा दोन तारा एकदम तुटल्या तर मात्र संख्या पुन्हा सम येणार आणि चिप फसून पाणी कमीच समजणार. हे नूतनला चांगलं ठाऊक होतं. पण एवढं कौतुक चाललेलं असताना आपल्याच हाताने मिठाचा खडा कोण टाकणार? तिने वाडीला सांगितलंच नाही. हळूहळू माणसं ओढ्याकडे बघेनाशी झाली, दिव्याकडे बघू लागली. तिचे वडील मानसिंगआबा तर पाव्हण्यांना मुद्दाम दिवा दाखवायला न्यायचे.

भाद्रपदातल्या एका दुपारी ती एसटीतून उतरून पुलाशी आली आणि जागीच थिजली. पूल दिसतच नव्हता. गढूळ पाणी घोंगावत होतं आणि त्यात मधोमध आबा होते, म्हशीची शेपटी धरून. दिवा हिरवा! जांभळीची मोडकी फांदी तारांवर पडली होती आणि दोन तुटक्या तारा लोंबत होत्या.

धावत आलेल्या शेजारच्या भिमाने म्हशीच्या शिंगांत कासरा फेकून ओढला. म्हैस पोहत काठाला लागली आणि मागून आबा ओढले गेले. नूतन त्यांच्याजवळ बसली.

"आबा, एवढं पानी दिसलं न्हाई व्हय तुमाला?"

"दिसलं की," आबा धापा टाकत म्हणाले. "पर दिवा हिरवा हुता. म्हनलं, माजीच नजर चुकली आसंल."