शेजाऱ्याचा पंप

लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली मुळापासून स्वतः कशी बांधायची, याची पुस्तिका आम्ही जगभरातले हौशी लोक इंटरनेटवर मिळून लिहितो. त्यात लाखांदूरहून मी एकच पायरी सुचवली: ‘आधी शेजाऱ्याचा मोटारपंप बंद करून घ्या.’ कारण शेजारच्या काकांनी धानाला पाणी सोडलं की व्होल्टेज पडतं आणि माझा कॉम्प्युटर अर्ध्या कामात बंद पडतो.

“हे सगळ्यांना लागू नाही,” बाकीचे म्हणाले.

“मग पुस्तिकेतले टायपिंगचे पाच-पाच एडिटर कोणाला लागतात?” मी भडकलो. महिनाभर भांडलो तेव्हा कुठे पायरी राहिली.

परवा बर्फाळ देशातून एकाने विचारलं, “पंप विकत आणला. आता शेजारी कुठून आणू?”

मी काकांना वाचून दाखवलं.

“मी जातो ना,” काका म्हणाले. “पण पंप बंद नाही करत, सांगून ठेव त्याले.”