चौदा माणसांचं इंजिन

मामांच्या नावेचं इंजिन दुरुस्त करायचं की नवीन घ्यायचं, या प्रश्नावर मी आठवडाभर नव्याच्या बाजूनं भांडलो. वर, पैसे मी देतो म्हणालो. सगळ्यांना वाटलं, भाचा नोकरीला लागला तरी मामाला विसरला नाही. खरं कारण वेगळं होतं. जुनं इंजिन उघडलं असतं तर मी सापडलो असतो.

नाशिकच्या पश्चिमेला धरणाचं पाणी आत डोंगरापर्यंत शिरलेलं आहे. पलीकडच्या वाडीचा जुना रस्ता त्या पाण्याखाली गेला, तेव्हापासून मामांची नाव हाच वाडीचा रस्ता. नावेला इंजिन होतं ते विहिरीवरचं, पाच हॉर्सपॉवरचं, डिझेलचं. विहिरीवर वीज आली, मोटर बसली, तेव्हा मामांनी ते उचलून नावेत बसवलं. त्याचा टकटक आवाज पाण्यावरून लांबवर जायचा. तो कानावर पडला की पलीकडच्या बाया टोपल्या उचलून काठाकडे चालू लागायच्या.

नव्वदीतली गोष्ट. कॉलेज संपवून मी नोकरी शोधत मामांकडे राहत होतो आणि इंजिनाची देखभाल माझ्याकडे होती. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं-अवजारं धुऊन पुजतात. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याला फूल उतरवेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. त्या खंडेनवमीला सकाळी मी इंजिनातलं काळं तेल सोडून दिलं, इंजिन पुसून लखलखीत केलं. नवं तेल ओतणार, तेवढ्यात मामी पूजेचं ताट घेऊन आल्या. घाईघाईत नट खोलायचे पाने, हँडल आणि त्यांच्याबरोबर तेलाचा भरलेला डबाही पूजेत मांडला गेला. डब्याच्या झाकणावर झेंडू बसला. आता उद्याच ओतू, म्हणून मी उठलो.

संध्याकाळी मामांनी विचारलं, "तेल बदललं का रं?"

"झालं," मी म्हणालो. अर्धंच झालंय, हे कोण सांगत बसणार!

दसऱ्याला सकाळीच मित्र मोटारसायकल घेऊन आला आणि मी नाशिकला निघून गेलो. डबा डोक्यातून साफ गेला. मामांनी फूल उतरवलं, हँडल मारलं, पलीकडे जाऊन सणाची माणसं भरली. नेहमी दहा घ्यायचे, त्या दिवशी चौदा घेतली. पाण्याच्या मध्यावर इंजिन एकदा किंचाळलं आणि जागच्या जागी आवळून बंद पडलं. सगळ्यांनी आलटूनपालटून वल्ही मारत नाव काठाला आणली.

दुपारी मी परतलो तर मामा ओट्यावर बसलेले. "चौदा घेतली मी," ते म्हणाले. "हाव नडली."

ते जेवायला बसले तेव्हा नावेत गेलो, डबा इंजिनात रिकामा केला, तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. तेल बरोबर खुणेवर. इतकं नीटनेटकं काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं. नंतर मामांनी पट्टी पाहिली आणि त्यांची खात्रीच पटली, तेल आहे म्हणजे दोष ओझ्याचा.

आठ वर्षं नाव काठावर बाभळीखाली पडून राहिली. मामा एका द्राक्षबागेत राखणीला लागले. वाडीची माणसं डोंगराला वळसा घालून चालू लागली. बाजारात कुणी तरी हाक मारायचं, "काय चौदावाले, बरं हाय ना?" मामा खाली मान घालून हसायचे. मी नाशिकला नोकरीला लागलो होतो. दर दिवाळीला त्यांना कपडे न्यायचो आणि वाढलेलं ताट अर्धं टाकून उठायचो.

मग वाडीच्या बाया मामांकडे आल्या. त्यांच्या मुली अलीकडच्या काठावरच्या हायस्कूलला जाणार होत्या, नाव हवी होती. लाकूड शाबूत होतं, डांबर लावलं की भागत होतं. प्रश्न राहिला इंजिनाचा.

"नवीनच घेऊ, मामा. ते आतून गेलंय."

"आठ वर्सं त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाय, आन् आतलं बरं माहीत तुला!"

मामी चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "माणूस आजारी पडला तर आधी दवाखाना दाखवत्यात, का दुसरा नवरा बघत्यात?"

इंजिन टेम्पोत चढलं आणि आम्ही नाशिकच्या द्वारका चौकात एका मिस्तरीकडे नेलं. त्यानं आधी सायलेन्सरमधून कुंभारमाशीचं घर खरवडून काढलं. "काका, भाडं तरी घेत होता का हिच्याकडून?" मामा हसले. मग मिस्तरी खाली वाकला आणि त्यानं तेल सोडायच्या नटाला पाना लावला.

ते तेल एक मिनिटही चाललेलं नव्हतं, काळं पडलेलं नव्हतं. बाहेर आलं की त्याला कळणारच होतं. याला धैर्य म्हणू नका, नटाच्या दोन फेऱ्या उरल्या होत्या.

"थांबा," मी म्हणालो. "मामा, त्या दिवशी आत तेलच नव्हतं. मी काढलं आणि ओतायचं विसरलो. तुम्ही जेवत होतात तेव्हा ओतलं."

मामांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मिस्तरीला विचारलं, "मंग चौदा माणसांनी नाय आवळलं?"

"ओझं झालं तर इंजिन दम टाकतं, काळा धूर सोडतं. असं आवळतं ते तेलावाचून."

"चौदा झेपत होती ह्या इंजिनाला?"

"आरामात."

मामा उठले. कानाखाली बसणार हे मला माहीत होतं. ती बसली, चांगली सणसणीत बसली. मग त्यांनी चहावाल्याला हाक मारली, गॅरेजमधल्या सगळ्यांना चहा सांगितला आणि प्रत्येकाच्या हातात पेला देताना म्हणाले, "माझं काय चुकलं नव्हतं." समोरच्याला कशाचाच पत्ता नव्हता. पण आठ वर्षांत मामांना इतकं ताठ उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

बेअरिंग जळून गेलं होतं. क्रँक घासून घ्यावा लागला, पिस्टन आणि लायनर नवे घातले. मूळ धूड मात्र ठणठणीत निघालं. मिस्तरी म्हणाला, असं आता मिळणार नाही.

नाव पाण्यात सोडली त्या दिवशी मामांनी मला काठावर उभं केलं. "सांग समद्यांना." मी सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "आठ वर्सं डोंगर चढवलास रे मेल्या!" दुसरी म्हणाली, "आता ह्यालाच वल्हवायला बसवा." सगळ्या हसल्या. मीही हसलो, हसता हसता डोळे भरून आले.

मामांनी पट्टी ओढून स्वतः तेल पाहिलं, मला दाखवलं, पुन्हा पाहिलं. मग हँडल माझ्या हातात दिलं. तिसऱ्या फेरीला इंजिन धडधडलं आणि तोच जुना टकटक आवाज पाण्यावरून निघाला. पलीकडच्या काठावर टोपल्या उचलल्या गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा मामा उभे राहिले आणि एकेकाला हात देत मोठ्यानं मोजू लागले. दहावर थांबले नाहीत.