राहून गेलेली इंजेक्शने

मालवण तालुक्यातल्या कट्टा गावाजवळ एका खेड्यात मी प्राथमिक शिक्षक होतो. स्वातंत्र्याला दहाएक वर्षे झाली होती. माझी थोरली मुलगी माझ्याच शाळेत तिसरीत शिकत होती. घरी मी तिचा बाबा. शाळेत मात्र तिनेही मला गुरुजी म्हणायचे आणि शुद्ध बोलायचे, असा माझा दंडक होता.

तिला बारमाही सर्दी. नाक चोंदलेले, श्वास तोंडाने, खाली वाकली की कपाळ दुखायचे. वेखंडाचा लेप झाला, ओव्याची पुरचुंडी झाली, निरगुडीच्या पाल्याचा वाफारा झाला. तेवढ्यापुरते बरे वाटे. मुलांची नाके वाहतातच, म्हणून मीही फारसे मनावर घेतले नाही. त्या थंडीत मात्र नाकातून पिवळा, वास येणारा शेंबूड येऊ लागला आणि ताप उतरेना, तेव्हा तिला एसटीने मालवणला नेले.

डॉक्टर वयस्क होते. तिचे गाल आणि भुवया बोटांनी दाबून पाहत त्यांनी मला समजावले, की नाकाच्या आजूबाजूच्या हाडांत पोकळ्या असतात, तिथे पू साचला आहे. पेनिसिलिनचे रोज एक इंजेक्शन, असे दहा दिवस. शिवाय नाकात थेंब आणि दोन वेळा वाफ.

"बरं वाटलं तरी मध्येच सोडू नका," ते म्हणाले. "आणि डोळा सुजला तर त्याच दिवशी घेऊन या."

पाच दिवस मी तिला रोज नेऊन आणले. ताप गेला, ती जेवू लागली. सहाव्या दिवशी निरोप आला, की शाळा तपासायला दिपोटी साहेब येणार आहेत. शाळेत मी एकटाच शिक्षक. हजेरीपट पुरे करायचे होते, वर्ग सारवून घ्यायचा होता. बायको नुकतीच बाळंत झालेली, तिला घराबाहेर पडता येत नव्हते.

"तिका मालवणाक न्हेवक होया," ती म्हणाली.

"आता बरी आसा ती. साहेब गेले काय न्हेतलंय," मी म्हटले.

तीन दिवस गेले. तपासणीच्या सकाळी मुलीने डोके दुखते म्हणून सांगितले. मी तिला केस नीट विंचरून शाळेत यायला सांगितले.

साहेबांनी फळ्यावरचा उतारा वाचायला नेमके तिलाच उभे केले. ती गप्प राहिली. मी दटावले, तेव्हा हळूच म्हणाली, "गुरुजी, मला दोन-दोन ओळी दिसतात."

मला वाटले, पाठ येत नाही म्हणून सबब सांगते आहे. साहेबांसमोर मान खाली गेल्यासारखे झाले. तिला खाली बसवले आणि दुसऱ्या मुलीला उठवले. साहेब गेले तेव्हा दुपार कलली होती. मुले घरी पळाली, ती मात्र बाकावर डोके टेकून होती. तिला उठवले तर डाव्या डोळ्याची पापणी सुजून लाल झालेली, डोळा पुढे आल्यासारखा दिसत होता.

शेवटच्या गाडीने मालवण गाठले. डॉक्टरांनी इंजेक्शने कुठे राहिली ते विचारले, मी सांगितले. इंजेक्शन देऊन त्यांनी घाटावरच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहिली. तिथे डोळ्यामागचा पू काढला. मुलगी वाचली. डाव्या डोळ्याची नजर गेली.

पुढे कित्येक वर्षे वर्गातल्या कुणाचे नाक पंधरा दिवस वाहिले, की मी त्याच्या घरी जाऊन बसे आणि आईबापांना मालवणला धाडल्याशिवाय उठत नसे. गुरुजींचे जरा अतीच होते, असे लोक म्हणत.

ती मॅट्रिक झाली त्या वर्षी मी तिच्यापाशी हा विषय एकदाच काढला. माझी चूक झाली, असे म्हणालो.

"बाबानू, तुमी तरी काय करतलात?" ती म्हणाली. "साहेब येवचे होते."

तिने रागावून चार शब्द ऐकवले असते तर बरे झाले असते. अजूनही मी जेवताना तिच्या डाव्या अंगाला बसलो, की मला पाहायला तिला सगळी मान वळवावी लागते.