आठ करपलेल्या भाकऱ्या

मालिका लिहिणारे पुष्कळ असतील, पण करपलेल्या भाकरीवरून प्रसंगाची पारख करणारी लेखिका माझ्या धाकट्या आत्याखेरीज दुसरी झाली नसेल. वैरागच्या शाळेतून निवृत्त होऊन ती सोलापुरात आमच्याकडे राहायला आली आणि एका वाहिनीसाठी चक्क प्रेमाची विनोदी मालिका लिहू लागली. नायिका दोन, नायक नाहीच. एक मोटारपंप दुरुस्त करणारी, दुसरी शाळेत भूगोल शिकवणारी. दोघी एकमेकींवर जीव टाकायच्या आणि शेंगाचटणीत लसूण किती, यावरून तीन-तीन भाग भांडायच्या. गाव टेंभुर्णी. टेंभुर्णीच का, असं विचारलं की आत्या म्हणायची, "हमरस्त्यावर आहे की. येणं-जाणं सोपं."

लिहिताना तिला चहाचे दोन कप लागायचे आणि दोन्ही तीच प्यायची. समोर दुसरा कप नसला की म्हणे संवाद सुचत नाहीत. प्रसंग लिहून झाला की ती आमच्या गल्लीतल्या कडक भाकरीच्या कारखान्यात जायची आणि पालथ्या डब्यावर बसून मोठ्यानं वाचायची. तिथं आठ जणी चुलीपुढं असायच्या. त्यांचे हात न थांबता थापत राहिले, तर कागद फाडायचा. ऐकता ऐकता एखादीची भाकरी करपली, तर प्रसंग पास! करपलेल्या भाकऱ्या घरी यायच्या, आत्याला त्या चावायच्या नाहीत, म्हणून मी खायचे. माझी एक दाढ या मालिकेच्या कामी आली आहे. फक्त गौरम्माची, म्हणजे तिथल्या मुकादम बाईची, भाकरी कधी करपली नाही. ती म्हणायची, "पोरी लई ग्वाड हायत्या बाई, पन तवा माझ्याकडं बघतोय की."

शेवटचा भाग आला तसा वाहिनीच्या साहेबांचा फोन आला. भूगोलवालीचं एखाद्या चांगल्या मुलाशी लग्न लावून टाका, प्रेक्षक खूश होतील. फोन ठेवून आत्यानं पहिला कप संपवला. मग म्हणाली, "असला शेवट मी एकदा मुकाट्यानं सोसलाय. वैरागला माझ्यासोबत अकरा वर्षं राहिलेल्या बाईंना त्यांचे भाऊ लग्नाला घेऊन गेले. टेंभुर्णीला दिलं. वाटेत खायला डबा मीच भरून दिला होता. आता नाही भरायची." तिचा दुसरा कप गार होत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्यात दोन्ही शेवट वाचले. साहेबांच्या शेवटाला एकही हात थांबला नाही. मग तिनं आपला वाचला. दोघी भाड्याची खोली घेतात, पंपवालीची आई तासभर उंबऱ्याबाहेर रुसून बसते आणि शेवटी विचारते, "चहा हितंच देताय, का आत येऊ?" कारखाना धुरानं भरला. आठही भाकऱ्या करपल्या होत्या, गौरम्माचीसुद्धा. पदरानं डोळे पुसत, धुराला शिव्या देत ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की दोगींना एका घरात. कुनाचं काय अडलंय?"

कडक भाकरी महिनाभर टिकते. आत्यानं त्या आठही भाकऱ्या शेवटच्या भागासोबत मुंबईला पाठवून दिल्या. चौथ्या दिवशी साहेबांचा फोन आला, "मॅडम, शेवट तुमचाच ठेवतो. चटणी तेवढी पाठवायची राहिली."

तो भाग आम्ही चुली विझवून कारखान्यातच पाहिला. घरी येऊन आत्यानं चहा टाकला, तोच फोन वाजला. टेंभुर्णीहून त्या बाईंचाच होता. त्या आता तिथं एकट्याच असतात. इतकी बोलकी आमची आत्या, पण तिच्या तोंडून फक्त "व्हय... व्हय गं" एवढंच निघालं. फोन ठेवून तिनं मला विचारलं, "टेंभुर्णीची सकाळची एसटी हितं किती वाजता पोचते गं?"

मी सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं दुसरा कप मला प्यायला दिला, आणि माझा चहा संपताच तो धुऊन जागेवर ठेवला.