दोन नावांचा अर्ज

यमुनक्का अर्ज टाइप करायला बसायच्या, तेव्हा आधी बाहेरची साडी नेसायच्या आणि पायांत चपला घालायच्या. टाइपरायटर त्यांच्याच घरच्या ओसरीत होता. कन्नड मुलखातल्या चामराजपुरममधल्या त्या घराच्या माडीवर मी भाड्यानं राहायला आलो, त्या सकाळी वाटलं, बाई कुठंतरी निघाल्यात. तासाभरानं पाहतो तर तिथंच. विचारलं तर म्हणाल्या, "अर्ज म्हणजे ऑफिसचं काम, सातारकर. सुम्ने, उगीच आपलं, घरच्या लुगड्यात करायचं न्हाई." जन्मभर त्या कोर्टात टायपिस्ट होत्या. माझं आडनाव सातारकर नाही, पण साताऱ्याहून आलो म्हटल्यावर त्यांनी माझं बारसं करून टाकलं.

अर्ज वर्षानुवर्षं एकच. निवडणुकीतल्या मारामारीत त्यांचा एकुलता मुलगा मोहन मारला गेला होता. तिसऱ्या दिवशी बन्नूरचा सिद्दराजू, समोरच्या पक्षाचा पोरगा, बदला म्हणून मारला गेला. दोन्ही तपास बासनात गेले. अक्कांच्या अर्जात मात्र दोन्ही नावं शेजारी शेजारी असत आणि मागणी एकच, दोन्ही खुनांचा तपास पुन्हा करा.

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "अक्का, आधी मोहनचं एकट्याचं तरी होऊ दे. सिद्दराजूचं त्याचे लोक बघतील."

"त्याची आई गौरम्मा. उसाच्या शेतात मजुरी करते. ती काय बघणार?" एवढंच बोलल्या. मग आठवडाभर माझी सकाळची कॉफी बंद.

पुढं मोहनचा पक्ष सत्तेवर आला आणि त्याचा एक पुढारी कागद घेऊन घरी आला. सरकार विशेष तपास लावणार होतं. अक्कांची सही तेवढी हवी होती. मला तर पेढे वाटावेसे वाटले. अक्कांनी चष्मा चढवला, सवयीनं टायपिंगच्या दोन चुका पेन्सिलीनं दुरुस्त केल्या आणि विचारलं, "गौरम्माचा पोरगा कुठं आहे ह्यात?"

"तो त्यांचा होता, अक्का." मग आवाज खाली आणून, "त्यात आपलीच पोरं अडकतील. मोहनसाठीच केलं ना त्यांनी."

"गोत्तु, ठाऊक आहे मला. कुणी न सांगता कसं कळलं, विचारा की. ती पोरं बदला घेऊन सरळ इथं आली होती. शर्टावर रक्त. माझ्या पाया पडली. आणि मी, नोडी, बघा, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद दिला मी!"

मी जिन्यात उभा होतो. इतक्या वर्षांत हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं. सही न करता त्यांनी कागद परत दिला. दुसऱ्याच दिवशी कोर्टात जाऊन जबाब नोंदवला.

त्या जबाबावर सिद्दराजूचा खटला उभा राहिला. साक्षीच्या दिवशी मी बरोबर गेलो. पिंजऱ्यात उभ्या राहून अक्का सांगत होत्या आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबत होत्या, टाइप करणाऱ्या मुलीचा हात चालेपर्यंत. डोक्यावर हात ठेवल्याचंही सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. समोर आरोपी म्हणून मोहनचे तिघे मित्र होते. अक्कांच्या हातचं जेवलेले. परतताना रिक्षात त्या हुंदके देऊन रडल्या.

तिघांना शिक्षा झाली. नातेवाइकांनी अक्कांना लग्नकार्याला बोलावणं सोडलं. मोहनची फाइल कुणी उघडली नाही ती नाहीच. वर्ष संपायच्या आत अक्का गेल्या. मला त्यांचा फार राग आला होता. अजूनही येतो कधी कधी. हातात आलेला न्याय असा परत देतात का कुणी?

तेराव्यानंतर बन्नूरच्या बसनं गौरम्मा आल्या. अर्ज लिहून द्या म्हणाल्या, मोहनच्या नावाचा. मी लिहिला, त्यांनी अंगठा उठवला, आणि आम्ही दोघं पोलीस कचेरीत गेलो.

कारकुनानं अर्ज वाचला आणि कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, हा मोहन तुमचा कोण?"

गौरम्मा म्हणाल्या, "यमुनक्का माझ्या पोरासाठी साक्ष द्यायला उभी राहिली, तेव्हा तिला विचारलं होतं का कुणी, तो तुमचा कोण म्हणून?"

कारकुनानं आमच्या दोघांकडं पाहिलं आणि अर्ज ठेवून घेतला.