गुरांच्या मागे देवळाला

नव्वदच्या दशकातल्या एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं शिरड शहापूरजवळच्या आमच्या गावातून डोंगरापलीकडचं जुनं, पडकं देऊळ बघायला निघालो. पुढारी होते काका. वाट त्यांनाही ठाऊक नव्हती, पण तसं कबूल करतील तर ते काका कसले!

"देवळापाशी बारव हाय. गुरं दुपारी तिथंच पाण्याला जातात. आपण निस्तं त्यांच्या मागं चालायचं."

डोंगरावर आमचीच गुरं चरत होती. गुराखी कुठे दिसला नाही. आम्ही मागे लागलो. गाय थांबली की आम्ही थांबायचो, ती काट्यांत शिरली की आम्हीही शिरायचो. माझी नवीकोरी चप्पल तिथेच तुटली, त्याचा राग अजून गेलेला नाही. मग भूक लागली. पळसाखाली बसून दशम्या आणि ठेचा हाणला आणि काकांसकट सगळे गाढ झोपलो.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि गुरं झपाझप निघाली होती.

"पाण्याला निघाली! पळा!" काका ओरडले.

धूळ खात आम्ही त्यांच्या मागे डोंगर उतरलो. शेवटचं वळण घेतलं, तर समोर आमचाच गोठा.

दारात काकू उभी होती. "बरं झालं, गुरं वळून आणली. गुराखी पाहुण्याकडं गेलाय." मग काकांकडे बघून म्हणाली, "उद्याबी जा देवळाला. तो परवाच येणार हाय."