गच्चीवर पत्रे घालण्याआधी

विश्रांतवाडीत आमच्या पाठशाळेच्या न्यासाची एक बैठी इमारत आहे. तेथे विदर्भातून आलेल्या एक बाई पापडांचा कारखाना चालवतात. पीठ खाली मळायचे, पापड गच्चीवर वाळवायचे. गेल्या पावसाळ्यात छत गळून पीठ भिजले. विश्वस्तांनी कंत्राटदारांना बोलावले. ते म्हणाले, "डागडुजी किती वेळा करणार? वर पत्रे घाला, मोकळे व्हा." सर्वांना पटले.

बाई मात्र माझ्याकडे आल्या. "गुरुजी, पत्रे आले की ऊन गेलं. मग पापड काय देवघरात वाळवू?"

मी सर्वांत जुना विश्वस्त. छताविषयी मला काही कळत नाही. परंतु कार्यावरून कारणाचे अनुमान कसे करावे, हे लहानपणी न्यायशास्त्रात शिकलो होतो. आजवर आम्ही थेंब पडे तेथली, नेमकी वरची जागा लिंपत आलो होतो. भेग तेथेच आहे, हे कोणी ठरवले? मी मुदत मागितली.

"अहो गुरुजी, पाणी शास्त्र वाचून वाहत नाही," कंत्राटदार म्हणाले. तरी माघातल्या कोरड्या दिवसांत त्यांनी गवंडी पाठवला. त्याने मातीचे बांध घालून गच्चीचे चार भाग केले आणि रोज एका भागात पाणी साठवले. मी खाली खुर्ची टाकून, छताकडे पाहत जप करीत बसे.

तीन दिवस काही झाले नाही. चौथ्या दिवशी सातवी माळ चालू असताना खोलीच्या मध्यभागी थेंब पडला. मी माळेसकट जिना चढलो. पाणी साठले होते ते पार कडेला, कठड्यापाशी. तेथला सांधा उकलला होता. दहा हातांचे अंतर ते आतल्या आत कोणत्या वाटेने चालत आले असेल? मला त्या थेंबाचे कौतुकच वाटले.

सभेत सांधा फोडून नव्याने करण्याचे ठरू लागले.

"आणि पुन्हा गळलं तर?" कंत्राटदारांनी विचारले. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. दुसरी भेग नसेलच, हे मी कोणत्या प्रमाणाने सांगणार होतो?

बाईच म्हणाल्या, "तर पत्रे घाला. मी जागा सोडते. लिहून घ्या."

आषाढात चार दिवस संततधार लागली. पाचव्या दिवशी मी छत्री घेऊन गेलो. बाई खोलीच्या मधोमध पीठ मळत बसल्या होत्या. मी छत न्याहाळू लागलो, तशा हसून म्हणाल्या, "बसा गुरुजी. वर काय पाहता? पापड तळते, तो पाहा."